नानाकाकांच्या होड्या

या दिवाळीत नागपूरला गेले तेव्हा काकूने बुटांचा एक खोका माझ्या हातात ठेवला. "तूच ने बाई आता. इथे कोणी बघत नाही अन् टाकवतही नाही," म्हणाली.

खोक्यात नानाकाकांचे फोटो होते. म्हणजे फोटो होते असं म्हणायचं, खरं तर फोटोंची वीट होती. पन्नास-साठ प्रिंट एकमेकांना चिकटून कडक झालेले, कडेला वाळलेल्या चिखलाची रेघ. अगदी वरचा एक फोटो तेवढा सुटून निघाला. अंबाझरी तलाव, हिवाळ्यातली पहाट, काठाला लागलेला एक रिकामा डोंगा आणि खाली पाण्यात त्याचं उलटं प्रतिबिंब. मागे काकांचं बारीक अक्षर: 'अंबाझरी, डिसेंबर ८६, एफ ५.६, १/३०, पिवळा फिल्टर.'

घरच्यांना माहीत आहे, इतरांसाठी सांगते. २२ सप्टेंबर २०२३ ची रात्र आणि २३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाहीत. काही तासांत शंभर मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी ओसंडून वाहिला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत लोक झोपेतून उठले ते गुडघाभर पाण्यात. काकूचं घर अंबाझरी लेआउटमध्ये, तळमजल्यावर. काका जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्यांचे फोटो आणि निगेटिव्ह दिवाणाखालच्या ट्रंकेत होते. ज्या तलावाचे त्यांनी जन्मभर फोटो काढले, त्याच तलावाचं पाणी घरात येऊन ते फोटो घेऊन गेलं.

पण सगळा दोष पाण्याला देता येत नाही. दुसऱ्या दिवशी चुलतभावाने मला पुण्याला फोन करून विचारलं, "ताई, फोटो ओले झाले, काय करू?" मी पटकन सांगून टाकलं, "गठ्ठा उन्हात ठेव." नंतर कळलं की नेमकं हेच करायचं नसतं. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्यात फुगतो आणि दुसऱ्या फोटोला टेकलेला असताना वाळला की सरस लावल्यासारखा चिकटतो. अशा वेळी फोटो ओलेच ठेवायचे, स्वच्छ थंड पाण्यात एकेक हलकेच सुटा करायचा आणि सुटासुटा पसरून वाळवायचा. तेवढा वेळ नसेल तर पिशवीत घालून सरळ फ्रीझरमध्ये टाकायचे. दोन वाक्यांचं ज्ञान, पण वेळेवर नव्हतं.

असो. वाईट वाटायचं ते वाटून झालं. मग एक जुना प्रश्न पुन्हा डोक्यात घोळायला लागला. पाटबंधारे खात्यातला हा सरळमार्गी माणूस तीस वर्षं दर रविवारी पहाटे उठून होडी आणि तिच्या सावलीच्या मागे का धावत होता? आणि एकटे काकाच नाही, जगभर इतके लोक याच विषयाच्या मागे का लागले? गेले काही आठवडे त्यावर वाचत बसले आहे. जे हाती लागलं ते इथे मांडते.

पहिलं कारण अगदीच साधं निघालं. होडी काठाला लागली की हलत नाही!

फोटोग्राफीच्या सुरुवातीच्या काळात एका फोटोला कित्येक सेकंद लागायचे. माणूस हलायचा, झाडाची पानं हलायची, लाटांचा तर धूर व्हायचा. त्यात तेव्हाच्या काचांना निळा प्रकाश फार लवकर लागे, त्यामुळे आकाश पांढरं फटक पडे. आकाशासाठी वेळ कमी द्यावा तर जमीन काळी. यावर फ्रान्सच्या गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ मध्ये तोड काढली. समुद्राच्या काही चित्रांत त्याने आकाश एका काचेवर घेतलं, पाणी दुसऱ्या काचेवर, आणि छापताना दोन्ही जोडले. त्याचा १८५६ चा समुद्रातल्या गलबताचा फोटो लंडनमध्ये फार गाजला. म्हणजे 'फोटो ही कला आहे का' हा वाद रंगात यायच्या आधीच एका होडीने लोकांची मनं जिंकली होती.

आपल्याकडेही हे वेड उशिरा आलं नाही. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ ची. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही तिथल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांतली नावं. त्याच १८५४ साली नागपूरचं भोसल्यांचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं. मुंबईत लोक कॅमेरा हाताळत होते तेव्हा आमच्या नागपुरात राजवाड्यातल्या चीजवस्तूंची मोजदाद चालली होती. इतिहास असा एकाच साली दोन ठिकाणी दोन तऱ्हेने वागतो.

मग आला सॅम्युअल बोर्न. १८६३ ते १८७० हा माणूस भारतात होता. १८६४ मध्ये तो काश्मिरात गेला तो चाळीसेक हमाल घेऊन. काचा, रसायनं, तंबू, सगळं पाठीवर. काच जागेवरच ओली करायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तंबूत धुवायची. दल सरोवर आणि झेलम यांचे त्याने जे फोटो घेतले त्यांत पाणी आरशासारखं आहे. ते सौंदर्यदृष्टीने तसं आहेच, पण वारा असता तर फोटो आलाच नसता हेही खरं.

काका पहाटे का उठायचे त्याचंही उत्तर हेच. आठ-दहा वर्षांची असताना ते मला स्कूटरवर पुढे उभी करून न्यायचे. "ऊन वर चढलं की वारा सुटतो पोरी, मग तलाव बोलायला लागतो. आपल्याला गप्प तलाव पाहिजे," असं म्हणायचे. त्यांच्याकडे यशिका मॅट होता, दोन डोळ्यांचा, गळ्यात अडकवून वरून खाली बघायचा. रोल बहुधा उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा 'इंदू'. एका रोलात बारा फोटो, त्यातले चार-पाच माझ्या बडबडीमुळे वाया. धुण्याचं काम न्हाणीघरात, लाल दिवा लावून. हायपोचा तो आंबूस वास अजून नाकात आहे. त्या दिवशी घरात कोणाची आंघोळ दुपारी दोनच्या आधी होत नसे आणि काकूचा आवाज वरच्या पट्टीत असे.

प्रतिबिंबाबद्दल त्यांनी तेव्हा सांगितलेल्या तीन गोष्टी अजून लक्षात आहेत.

एक, प्रतिबिंब नेहमी मूळ वस्तूपेक्षा गडद असतं, कारण सगळा प्रकाश पाणी परत देत नाही. सरळ खाली बघितलं तर शंभरातला दोनच भाग परत येतो, बाकीचा पाण्यात जातो. म्हणून तिथे तळ दिसतो. नजर जितकी आडवी तितका आरसा पक्का. काका त्यासाठी चिखलात गुडघे टेकून कॅमेरा पाण्याजवळ आणायचे.

दोन, होडीचं प्रतिबिंब पाण्यावर 'काढलेलं' नसतं. होडी जितकी दूर, तितकंच ते दूर. फोकस पाण्यावर धरला तर प्रतिबिंब फिकं येतं.

आणि तीन, प्रतिबिंब ही होडीची हुबेहूब नक्कल नव्हे. आपण जणू पाण्याखाली तितक्याच खोलीवर बसून वर बघतोय असं ते दिसतं. म्हणून वरून होडीचा आतला भाग दिसतो, तर प्रतिबिंबात तिचं पोट.

त्यांचा कॅमेराही आरशावर चालायचा. वरच्या काचेवर चित्र उभं सरळ, पण डावं उजवीकडे. होडी डावीकडे सरकली की आपण उलटीकडे वळायचं. मला ते कधी जमलं नाही. बोर्नच्या काळच्या पेटी कॅमेऱ्यात तर त्याहून गंमत. तिथे मागच्या काचेवर सगळंच डोकं खाली पाय वर दिसतं. म्हणजे बघा, काळ्या कपड्याखाली डोकं घातलेल्या त्या माणसाला खरी होडी उलटी दिसायची आणि पाण्यातली होडी सुलटी! या विषयाची ओढ थोडी तिथून आली असावी असं मला वाटतं. खरं कुठलं आणि छाया कुठली, हा खेळ त्या काचेवर रोज चालायचा.

हा खेळ मोठमोठ्यांना फसवतो. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये मातीसचं एक चित्र लावलं होतं. कागद कापून केलेली शिडाची होडी आणि खाली तिचं प्रतिबिंब. ४७ दिवस ते उलटं टांगलेलं होतं! लाखाहून जास्त लोक त्याच्यासमोरून गेले. शेवटी चित्र बघायला आलेल्या एका बाईंच्या ते लक्षात आलं. त्यांचं म्हणणं होतं की मूळ होडीपेक्षा तिची छाया जास्त गुंतागुंतीची कशी असेल? काकांना ही गोष्ट सांगायला हवी होती. फार हसले असते.

आता मुख्य माणसाकडे येते. पीटर हेन्री एमर्सन. जन्म क्यूबातला, शिक्षणाने डॉक्टर. डॉक्टरकी सोडून तो इंग्लंडच्या नॉरफोक भागातल्या पाणथळ प्रदेशात होडीने हिंडू लागला आणि १८८६ मध्ये गुडॉल नावाच्या चित्रकार मित्राबरोबर त्याने चाळीस फोटोंचं पुस्तक काढलं. गवत कापून नेणाऱ्या होड्या, कोळी, लव्हाळं, संथ पाणी. त्यातला एक फोटो पुष्कळांनी पाहिला असेल. एक माणूस वल्ही धरून बसलाय आणि एक बाई होडीतून वाकून पांढरी कमळं तोडते आहे. पाहिला की मला नवेगाव बांधकडचे शिंगाडे काढणारे धीवर आठवतात. तशीच वाकलेली पाठ, तसंच पानांनी झाकलेलं पाणी.

त्या काळात कला म्हणून जे फोटो निघत त्यांत माणसांना पोशाख चढवून, चार-पाच निगेटिव्ह जोडून नाटकातल्यासारखा प्रसंग उभा करत. एमर्सनने त्यावर कडाडून टीका केली. १८८९ च्या पुस्तकात त्याने मांडलं की जागेवर जा, जे आहे ते घ्या, डोळ्याला दिसतं तेवढंच स्पष्ट ठेवा, बाकी थोडं मऊ राहू द्या, आणि हीच कला आहे. तरुण फोटोग्राफर त्याच्यामागे गेले.

आणि वर्ष-दीड वर्षात त्यानेच घूमजाव केलं! हर्टर आणि ड्रिफील्ड या दोन रसायनतज्ज्ञांनी १८९० मध्ये दाखवून दिलं की काचेवर किती प्रकाश पडला की किती काळेपणा येतो याचा ठरलेला हिशोब आहे. एमर्सन हादरला. छटा जर रसायनंच ठरवणार असतील तर कलावंताच्या हातात राहिलं काय? त्याने काळ्या चौकटीची, म्हणजे मृत्युपत्रिकेसारखी, एक पुस्तिका छापली आणि फोटोग्राफी ही कला असल्याचा आपला दावा मागे घेतला. पण खरी गंमत पुढे आहे. १८९५ मध्ये त्याने जे शेवटचं पुस्तक काढलं त्यात धुकं, बर्फ आणि जवळजवळ रिकामं पाणी आहे, आणि तेच त्याचं सर्वांत सुंदर काम आहे असं आज पुष्कळ जाणकार मानतात. कला नाही म्हणाला, आणि मग काढून दाखवली.

काकांनाही हाच प्रश्न होता. त्यांचे फोटो स्पर्धांमधून बहुतेक परत यायचे. घरात आजोबा विचारायचे, "याचा उपयोग काय?" काका उत्तर देत नसत. पण पाण्याचा उपयोग काय हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत होतं? त्यांची नोकरीच ती होती.

इथे अंबाझरीची गोष्ट सांगायलाच हवी. तलाव मूळचा भोसल्यांच्या काळातला. १८७० च्या सुमारास अलेक्झांडर बिनी नावाच्या इंग्रज अभियंत्याने त्याचा बांध वाढवून शहराला नळाने पाणी दिलं. (पुढे लंडनमध्ये थेम्सखालचा ब्लॅकवॉल बोगदा त्यानेच केला, १८९७ चा.) नागपुरात असताना त्याने १८६९ ते १८७२ अशी वर्षं एक चिकाटीचं काम केलं. पाऊस किती पडला आणि त्यातलं किती पाणी वाहून तलावापर्यंत आलं, हे मोजत बसला. त्यातून निघालेलं कोष्टक 'बिनीचे टक्के' म्हणून आपल्याकडच्या अभियांत्रिकीच्या पुस्तकांत शिकवलं गेलं. काकांनी ते पाठ केलं होतं. सार एवढंच की जूनचा पहिला पाऊस जमीन पिऊन टाकते, फारच थोडा वाहतो. पण पावसाळा सरत येतो तशी जमीन तृप्त होते, आणि तेवढ्याच पावसाचं कितीतरी जास्त पाणी वाहून येतं.

म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातला पाऊस आणि जूनमधला पाऊस सारखा नाही. दीडशे वर्षांपूर्वी याच शहराच्या पाण्यावरून हे कोणीतरी लिहून ठेवलं होतं. त्यात आता जमिनीवर सिमेंट आलं, पाणी प्यायला मातीच कमी उरली. २०२३ ची ती रात्र आठवली की मला बिनीच आठवतो.

तेव्हा एकाच तलावाकडे बघायच्या या दोन तऱ्हा. आडवं बघितलं की आरसा. खाली बघितलं की खोली. काका आठवडाभर खाली बघायचे आणि रविवारी आडवे. आपण बाकीचे लोक मात्र, विशेषतः आता मोबाईल आल्यापासून, फक्त आडवंच बघतो. फुटाळ्याच्या काठावर संध्याकाळी उभं राहून आपण किती फोटो काढले असतील! दिव्यांची लांबच लांब प्रतिबिंबं सुंदर येतात. पाणी कसं आहे ते त्यात येत नाही. घाण पाण्यातही प्रतिबिंब तितकंच छान पडतं.

आणखी एक गोष्ट अशा फोटोंत येत नाही, ती म्हणजे होडीचा माणूस.

बाजारात बघा. एडवर्ड स्टायकनचा १९०४ चा चांदण्यातल्या तळ्याचा फोटो फेब्रुवारी २००६ मध्ये २९ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेला. झाडं, चंद्र, पाण्यातला उजेड. तेव्हाचा विक्रम होता तो. नोव्हेंबर २०११ मध्ये आंद्रेआस गुर्स्कीचा ऱ्हाईन नदीचा फोटो ४३ लाख डॉलरला गेला, तोही तेव्हाचा विक्रम. त्यातून त्याने काठावरची माणसं आणि इमारत संगणकावर पुसून टाकली होती. दोन्ही चित्रं मला आवडतात. पण माणसं पुसली की पाण्याची किंमत वाढते की काय, असं मनात येऊन जातं खरं.

काकांच्या बाबतीत एकदा असं झालं. मी बरोबर होते. पाणी अगदी गप्प होतं, धुकं नुकतं उठत होतं, आणि एक धीवर डोंगा काठाला लावून जाळं झटकत होता. काका म्हणाले, "भाऊ, दोन मिनिटं बाजूला होता का? डोंग्याचा फोटो घ्यायचाय." तो बाजूला झाला. बिडी पेटवली. काकांचा फोटो होईपर्यंत शांतपणे उभा राहिला आणि मग म्हणाला, "साहेब, मले बाजूले केलं तं हा डोंगा कोनाचा म्हनून सांगसान?"

काका हसले. घरी येऊन सगळ्यांना सांगितलं. पण पुढच्या रविवारी त्यांनी त्याला शोधून काढलं आणि डोंग्यात उभा करून, हातात बांबू देऊन फोटो घेतला. तो फोटो मी पाहिला आहे. बांबूची रेघ वरपासून खालपर्यंत गेली आहे, अर्धी खरी अर्धी पाण्यातली, आणि माणूस जरा अवघडून कॅमेऱ्याकडे बघतोय. स्पर्धेत तो निवडला गेला नाही. काकांना मात्र तोच आवडायचा आणि त्याचे त्यांनी बरेच प्रिंट काढले होते.

तो फोटो त्या विटेत आहे की नाही, मला माहीत नाही. वीट सोडवायचा प्रयत्न एकदा केला. थंड पाण्यात तासभर ठेवली, कडेचे दोन निघाले, पण चित्र पलीकडच्या कागदावर राहिलं आणि हातात पांढरा कागद आला. मग हात लावायची हिंमत झाली नाही. मुंबईला एका जाणकाराला दाखवायचं ठरवलंय.

सुटून आलेल्या त्या एका फोटोच्या मागे काकांनी एफ ५.६ लिहिलं, १/३० लिहिलं, फिल्टरचा रंगसुद्धा लिहिला. डोंगा कोणाचा ते लिहिलं नाही. त्यांना दोष देत नाही. माझ्या मोबाईलमध्ये फुटाळ्याचे शंभर फोटो असतील, एकाही होडीवाल्याचं नाव मला सांगता येणार नाही. परवा परतताना पहाटे अंबाझरीवर जाऊन आले. पाणी गप्प होतं. खोक्यातल्या फोटोतली जागा साधारण सापडली. दोन-तीन म्हाताऱ्या माणसांना फोटो दाखवून विचारलं. एकजण बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "डोंगा आमच्याइकडचाच दिसते. पन मानूस पाह्यजे होता फोटूत."

तर आता घरच्या मंडळींना एक विनंती. काका लग्नात आहेर म्हणून स्वतःचे फोटो फ्रेम करून द्यायचे, तुम्हाला आठवत असेल. इंदूरच्या आत्या, अमरावतीची मंडळी, बंटीदादा, तुमच्याकडे नक्की असतील. बांबू धरून उभा असलेला माणूस कोणाच्या भिंतीवर सापडला तर फ्रेम उघडून मागची बाजू बघा. काकांना तो फोटो आवडायचा, तेव्हा त्याच्या मागे तरी नाव लिहिलं असेल अशी मला आशा आहे.

आणि तुमच्याकडचे जुने फोटो दिवाणाखाली ठेवू नका. वरच्या कपाटात ठेवा.